नदीकाठची निवांत सायकलफेरी आणि परसातले वन्यजीव : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मोठ्या शहराच्या कडेने वाहणाऱ्या नदीच्या काठाने सायकलवर जाऊन आलेले अनेक जण एकच तक्रार करतात, की एवढे फिरूनही पक्षी-प्राणी काही दिसले नाहीत. तीच माणसे घरी परसात दाणे टाकतात आणि थोड्याच दिवसांत तेथे उंदीर आणि कबुतरे यांखेरीज कोणी फिरकत नाही असे सांगतात. दोन्ही ठिकाणी हौस कमी पडलेली नसते. क्रम चुकलेला असतो. नदीवर आधी अंतर कापायचे आणि उरलेल्या वेळात थांबायचे असे ठरलेले असते, तर परसात आधी खाणे ठेवले जाते आणि धोके दूर करण्याचे काम मागे पडते.

सर्व टप्प्यांना लागू पडणारी एक कसोटी आधीच सांगून ठेवतो. आपल्या येण्याने प्राण्याचे वागणे बदलले, म्हणजे त्याने चरणे थांबवले, मान ताठ केली, अंग चोरले, ओरडायला सुरुवात केली किंवा तो जागीच स्तब्ध झाला, तर आपण हवे त्यापेक्षा जवळ गेलो आहोत असे समजावे. मीटरमध्ये सांगितलेली अंतरे उपयोगी असली तरी अपुरी पडतात, कारण एकाच जातीचा पक्षी वर्दळीच्या काठावर अगदी जवळून जाऊ देतो आणि निर्जन काठावर लांबूनच उडतो.

## टप्पा १ : मार्ग आणि वेळ ठरवणे

निवांत फेरीचा हिशोब किलोमीटरमध्ये न करता थांब्यांमध्ये करावा. तीन तास हाताशी असतील तर चार किंवा पाच थांबे पुरेसे आहेत आणि त्यांच्यामधले एकूण अंतर दहा-पंधरा किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नये. सपाट काठावर आरामात चालवताना वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर पडतो, परंतु थांबे धरले की सरासरी त्याच्या सुमारे एक तृतीयांशावर येते. हे आधी मान्य केले नाही, तर शेवटचे दोन थांबे नेहमी घाईत उरकले जातात.

नकाशावर थांबे निवडताना दोन प्रकारच्या जागा जेथे भेटतात ती कड शोधावी. ओढा नदीला मिळतो ती जागा, उथळ पाणी आणि डोह यांच्यामधला उतार, पाणकणसाच्या बेटाची बाहेरची बाजू, पुलाचे खांब, पाण्यावर वाकलेली वाळकी फांदी, पूर ओसरल्यावर उघडा पडलेला गाळाचा पट्टा, अशा ठिकाणी खाद्य आणि आडोसा दोन्ही मिळतात. सलग बांधलेल्या दगडी किंवा सिमेंटच्या काठावर सायकल छान चालते, पण पाहण्यासारखे थोडेच असते. असे तुकडे अंतर कापण्यासाठी वापरावेत.

सूर्य पाठीशी राहील असा काठ घ्यावा. नदी उत्तर-दक्षिण वाहत असेल तर सकाळी पूर्वेचा काठ आणि संध्याकाळी पश्चिमेचा काठ योग्य ठरतो. उलट काठावर उभे राहिल्यास समोरचा प्रत्येक पक्षी केवळ काळी आकृती म्हणून दिसतो आणि रंग कळत नाहीत. पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या नदीवर सकाळी पश्चिमेकडे निघावे, म्हणजे परतताना सूर्य तोंडावर आला तरी तो बराच वर चढलेला असतो. जोराचा वारा असेल तर मात्र वाऱ्याला प्राधान्य देऊन जाताना त्याच्या विरुद्ध जावे आणि परतताना त्याची मदत घ्यावी, कारण थकलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजत परतणे हा फेरी नकोशी होण्याचा हमखास मार्ग आहे.

वेळ कोणती, हे काय पाहायचे आहे त्यावर ठरते. बहुतेक पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास उत्तम. फुलपाखरे आणि चतुर यांना उडण्यासाठी अंग तापवावे लागते, म्हणून ती ऊन चढल्यावर दिसतात. कासवे आणि सरडे उन्हाला बसतात तेही सकाळ थोडी पुढे सरकल्यावरच. वटवाघळे सूर्यास्तानंतर बाहेर पडतात. चारही गोष्टी एकाच फेरीत साधण्याचा हट्ट धरू नये.

इशारा : नदीच्या वरच्या बाजूला धरण किंवा बंधारा असेल, तर आपल्याकडे पाऊस नसतानाही पाणी अचानक वाढू शकते. विसर्गाची सूचना पाहिल्याशिवाय पात्रात, वाळूच्या बेटावर किंवा पाण्यात बुडू शकणाऱ्या कमी उंचीच्या पुलावर जाऊ नये. वाहत्या पाण्याखाली गेलेला रस्ता कितीही उथळ वाटला तरी सायकलने ओलांडू नये, कारण खालचा भाग खचला आहे की नाही हे वरून दिसत नाही.

## टप्पा २ : सायकल तयार करणे

या कामासाठी महागडी सायकल लागत नाही, परंतु शांत सायकल लागते. करकरणारी साखळी, वाजणारे मडगार्ड आणि किंचाळणारे ब्रेक यांची दुरुस्ती ही निसर्गनिरीक्षणाची अर्धी तयारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणी पुढील क्रमाने आदल्या संध्याकाळी करावी. निघताना केली तर दोष सापडूनही तो दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

१. हवा. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. काठावर माती, खडी आणि मुळे असतील तर त्या मर्यादेच्या खालच्या बाजूचा दाब ठेवावा. त्यामुळे पकड वाढते आणि हादरे कमी बसतात. छापलेल्या किमान दाबाच्या खाली मात्र जाऊ नये, कारण दगडावर आपटताच ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात.

२. ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबली तरी ती हँडलला टेकता कामा नये. सायकल पुढे ढकलून पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहावा. ब्रेक किंचाळत असेल तर रिम किंवा डिस्क कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि तेथे तेलाचा थेंबही लागू देऊ नये.

३. साखळी. आधी पुसावी, मग प्रत्येक कडीवर थोडे तेल सोडून पेडल उलटे फिरवावे आणि शेवटी वरचे तेल कोरड्या कापडाने पुसून काढावे. ही शेवटची कृती बहुतेक जण गाळतात. वर राहिलेल्या तेलावर काठावरची बारीक वाळू बसते आणि साखळी झिजू लागते.

४. सीट. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ व्हावा, म्हणजे पायाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात किंचित वाक राहतो. ही नेहमीची उंची झाली. वारंवार उतरायचे असल्यामुळे या फेरीपुरती सीट थोडी खाली घेणे सोयीचे असते.

५. आवाज. सायकल हातभर उचलण्याची गरज नाही. वीतभर उचलून जमिनीवर सोडावी आणि कान द्यावा. जे वाजेल ते घट्ट करावे किंवा बांधावे.

तपासा : चाके फ्रेमला धरून ठेवणारी आसावरची खिटी घट्ट बंद आहे, दिवे चालतात आणि घंटी अंगठ्याच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ३ : सामान आणि ते ठेवण्याची जागा

काय घ्यावे हे सर्वांना ठाऊक असते. चूक होते ती कोठे ठेवावे यात. दुर्बीण गळ्यात लोंबकळत ठेवून सायकल चालवू नये, कारण ती हँडलवर आपटते आणि वळताना पट्टा अडकतो. ती हँडलवरच्या पिशवीत सर्वांत वर, एका हाताने निघेल अशी ठेवावी किंवा छातीला घट्ट बसणाऱ्या पट्ट्यात अडकवावी. पिशवीच्या तळाशी गेलेली दुर्बीण घरी राहिल्यासारखीच असते.

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा म्हणजे किती पट मोठे दिसेल तो आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. सायकलवरून उतरल्यावर श्वास लागलेला असतो आणि हात हलत असतात, त्यामुळे १० पटीपेक्षा ८ पटीची दुर्बीण येथे जास्त कामाची ठरते. घरीच तिची जुळवणी करावी. दोन्ही डोळ्यांसमोर एकच वर्तुळ येईपर्यंत नळ्यांमधील अंतर बसवावे. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी चित्र स्पष्ट करावे. त्यानंतर डावा डोळा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, बहुधा उजव्या नळीवर असलेल्या वेगळ्या कड्याने उजव्या डोळ्यासाठी स्पष्ट करावे. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली कराव्यात. हे एकदा न केल्यामुळे कित्येक जण अनेक वर्षे धूसर चित्र पाहत राहतात आणि दुर्बिणीला दोष देतात.

बाकीच्या सामानात पाणी, अतिरिक्त ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, ठिगळे, आवश्यक पान्हे, मलमपट्टी, साबणाची छोटी वडी, वही आणि पेन्सिल हवी. ओल्या हातांनीही पेन्सिल चालते. साबणाचे कारण सहाव्या टप्प्यात येईल. कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे घ्यावेत, पण वाटेत वाहनांचा रस्ता असेल तर तेवढ्या भागासाठी झळझळीत जाकीट घालून काठावर ते काढून ठेवावे.

## टप्पा ४ : काठावर सायकल चालवणे

काठावरची वाट एकट्या सायकलस्वाराची नसते. पायी चालणाऱ्यांना वीस-तीस मीटर अंतरावरूनच घंटी द्यावी. अगदी पाठीशी येऊन दिलेल्या घंटीने माणूस दचकून नेमका आपल्याच बाजूला सरकतो. वळणावर वेग कमी करावा. ताशी १५ किलोमीटर वेगातही सायकल एका सेकंदात चार मीटरांहून अधिक पुढे जाते, आणि वाटेवर ऊन खात बसलेला साप किंवा वाट ओलांडणारे कासव दिसून ब्रेक लागेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो.

पूर येऊन गेलेल्या काठावर सुकल्यासारखा दिसणारा गाळ वरून तडकलेला आणि आतून ओला असतो. अशा जागी पुढचा ब्रेक जोरात दाबू नये, हँडल वळवू नये आणि शक्य असल्यास उतरून चालावे. आडव्या मुळांवरून आणि लाकडी फळ्यांच्या पुलावरून चाक काटकोनात न्यावे, तिरके नेल्यास ते घसरते.

पंक्चर झाल्यास घाईत एक चूक हमखास होते. ट्यूब बदलली जाते आणि काटा टायरमध्येच राहतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटांची टोके हलकेच सावकाश फिरवावीत, आणि जुन्या ट्यूबवरील छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरशी जुळवून काट्याची जागा शोधावी. यासाठी ट्यूब काढताना तिची दिशा लक्षात ठेवावी.

## टप्पा ५ : थांबणे, उतरणे आणि पाहणे

सगळ्या फेरीचे फलित या टप्प्यावर अवलंबून असल्याने येथे सावकाश जावे. पेडल मारणे थांबवताच बहुतेक सायकलींच्या मागच्या चाकातील फ्रीव्हील कटकट वाजू लागते. शांत काठावर हा आवाज माणसाच्या बोलण्याइतका लांब जातो, आणि पक्ष्यासमोर येताच पेडल थांबवण्याची सवय असल्यामुळे तो नेमका नको त्या क्षणी सुरू होतो. थांबा जवळ आला की पाय हलकेच फिरवत ठेवावेत, साखळीवरचा ताण सुटू देऊ नये आणि मागच्या ब्रेकने वेग हळूहळू मारावा.

दुसरी गोष्ट थांबण्याच्या जागेची. पाण्याकडेला बसलेला बगळा किंवा खंड्या जवळून जाणारी सायकल अनेकदा सहन करतो, परंतु तीच सायकल त्याच्यासमोर थांबली की तत्काळ उडतो. म्हणून पक्षी दिसताच ब्रेक दाबू नये. त्याच वेगाने पुढे जावे, वीस-तीस मीटरवर झाड किंवा झुडूप गाठून थांबावे आणि तेथून मागे पाहावे. उतरताना पाण्याच्या विरुद्ध बाजूने उतरावे, म्हणजे मधे सायकलचा आडोसा राहतो आणि पाय फिरवण्याची मोठी हालचाल झाकली जाते. स्टँड झटक्याने पाडू नये. सायकल झाडाला टेकवणे बरे.

यानंतर किमान दहा मिनिटे जागचे हलायचे नाही. पहिल्या दोन-तीन मिनिटांत काहीच घडत नाही, कारण आपल्या येण्याने दबलेले सगळे अजून दबलेलेच असते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण कंटाळून पुढे निघतात. काठाच्या माथ्यावर आकाशाला पाठ करून उभे राहिल्यास आपली आकृती लांबून उठून दिसते. उतारावर थोडे खाली, मागे झाडोरा येईल असे बसावे. जवळ जायचेच असेल तर सरळ चालून न जाता तिरके जावे, मधूनमधून थांबावे आणि प्राण्याकडे टक लावून पाहू नये.

दुर्बीण वापरतानाची नेहमीची चूक म्हणजे ती आधी डोळ्यांना लावून मग पक्षी शोधणे. नजर पक्ष्यावर खिळवून ठेवावी, मान स्थिर ठेवावी आणि दुर्बीण वर आणून नजरेच्या रेषेत धरावी. खंड्या उडून गेला तरी त्याने सोडलेली फांदी लक्षात ठेवावी, कारण तो ठरावीक बैठकींवर पुन्हा पुन्हा येतो. वाट पाहताना फांदीच्या खाली नजर टाकल्यास विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात. ती बैठक रोजची आहे याची ती खूण.

ओळख पटवण्यासाठी पुस्तक किंवा मोबाइल लगेच उघडू नये. आधी वहीत लिहावे: ओळखीच्या एखाद्या पक्ष्याच्या तुलनेत आकार, चोचीची लांबी आणि वाक, पायांचा रंग, शेपटी हलवण्याची लकब, काय खात होता, कोठे बसला होता. चित्रे पाहून मग आठवू लागले की चित्रातले रंग आठवणीत शिरतात आणि न पाहिलेले तपशीलही पाहिल्यासारखे वाटू लागतात.

इशारा : वाळू, गोटे किंवा उघड्या माळावर पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला किंवा पंख मोडल्यासारखा लंगडत समोर पळू लागला, तर जवळपास जमिनीवर अंडी किंवा पिल्ले आहेत. टिटवी आणि तिच्या कुळातील पक्षी असे करतात. अंडी गोट्यांत मिसळून जाणाऱ्या रंगाची असल्याने ती दिसण्याआधी पायाखाली येतात. शोधू नये, छायाचित्र काढू नये. ज्या पावलांनी आलो त्याच पावलांनी मागे फिरावे. पालक दूर राहिल्यास कडक उन्हात अंडी फार काळ तग धरत नाहीत.

तपासा : निघताना प्राणी आपण आलो तेव्हा करत होता तेच करत आहे का? उत्तर नाही असे असेल तर पुढच्या थांब्यावर अंतर वाढवावे.

## टप्पा ६ : अडचणीचे प्रसंग

कुत्री पाठी लागल्यास वेग वाढवणे ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत चुकीची प्रतिक्रिया आहे. वेग कमी करून उतरावे, सायकल कुत्रे आणि आपल्यामध्ये धरावी, डोळ्यांत रोखून पाहू नये आणि पाठ न दाखवता चालत दूर व्हावे.

मधमाश्या उठल्यास उलट करावे, म्हणजे तेथून तत्काळ वेगाने दूर जावे आणि बंद खोली किंवा वाहन गाठावे. हातांनी झटकू नये. पाण्यात उडी मारू नये, त्या वर थांबून राहतात. नांगी शक्य तितक्या लवकर काढावी. नखाने, चिमट्याने, कशानेही, उशीर मात्र करू नये. श्वास लागणे, चेहरा किंवा घसा सुजणे, भोवळ येणे यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालयात जावे.

साप वाटेत असल्यास थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे. त्याच्यावरून किंवा बाजूने सायकल काढण्याचा प्रयत्न करू नये. दंश झाल्यास अंगठी, घड्याळ आणि घट्ट कपडे काढावेत, दंश झालेला अवयव शक्य तितका स्थिर ठेवावा आणि वाहनाने रुग्णालय गाठावे. जखम कापणे, चोखणे, वर दोरी आवळून बांधणे आणि ओळख पटावी म्हणून साप पकडायला जाणे, या चारही गोष्टींनी नुकसानच होते. स्वतः सायकल चालवत जाऊ नये.

कोणत्याही सस्तन प्राण्याने चावल्यास किंवा ओरबाडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, परंतु वेळेवर धुणे आणि लस यांनी तो टाळता येतो. वटवाघळाचा दात इतका बारीक असतो की खूण दिसेलच असे नाही, म्हणून त्याचा अंगाला स्पर्श झाला तरी डॉक्टरांना सांगावे.

शहरालगतच्या नदीच्या पाण्याबाबत एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. जनावरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरा जिवाणू त्वचेवरच्या लहान कापांमधून आणि डोळ्यांतून शरीरात शिरतात, आणि पावसानंतर साचलेल्या पाण्यात व चिखलात हा धोका वाढतो. खरचटलेल्या जागी पाणी शिरणार नाही अशी पट्टी लावावी. फेरीनंतर दोन दिवस ते चार आठवड्यांच्या काळात ताप आल्यास डॉक्टरांना नदीच्या पाण्याशी संपर्क आल्याचे आपणहून सांगावे. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.

## टप्पा ७ : परतल्यावर, फाटकाच्या आत येण्यापूर्वी

टायरच्या खाचा, मडगार्डची आतली बाजू आणि बुटांचे तळवे यांत अडकलेला चिखल फाटकाबाहेरच काढावा. त्यात उपद्रवी झाडांचे बी असू शकते, तसेच बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचा प्रसार ओल्या चिखलातून एका पाणथळ जागेहून दुसरीकडे होऊ शकतो. आधी ब्रशने खरवडावे, मग धुवावे, मग पूर्ण वाळू द्यावे. धुण्याचे पाणी परसातल्या तळ्यात किंवा कुंडात जाऊ देऊ नये. धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या आसावर मारू नये. आतले ग्रीस निघून जाते.

नदीवरचे बेडूक, मासे, कासवाची पिल्ले किंवा पाणवनस्पती परसासाठी आणणे हा या सगळ्या सावधगिरीचा एका झटक्यात नाश आहे.

## टप्पा ८ : परसातले धोके आधी काढणे

येथून परसाचे काम सुरू होते. खाणे-पाणी ठेवून प्राण्यांना बोलवायचे आणि मग त्यांनी आपल्याच अंगणात मरायचे, असे व्हायला नको असेल तर पुढील गोष्टी पाणी ठेवण्यापूर्वी उरकाव्यात.

१. काच. मोठ्या खिडकीत आकाश आणि झाडे उमटतात आणि पक्षी त्या प्रतिबिंबात घुसतात. एखादे ससाण्याचे चित्र चिकटवून काही होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने संपूर्ण पृष्ठभागावर ठिपके किंवा रेषा लावाव्यात आणि त्यांच्यातील अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये.

२. उंदरांचे विष. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. मंदावलेला तो उंदीर घुबडाच्या हाती सहज लागतो आणि विष घुबडात जाते. सांडलेले धान्य आणि उघडा कचरा काढून टाकणे हाच येथे पहिला उपाय आहे.

३. जाळी. फळझाडांवरच्या जाळीच्या छिद्रातून बोट जात असेल तर तीत साप आणि वटवाघळे अडकतात. बारीक विणीची आणि ताणून बसवलेली जाळी वापरावी.

४. उघडी टाकी, हौद, बादल्या. झाकण घालावे किंवा खडबडीत फळी तिरकी सोडून ठेवावी, म्हणजे पडलेली खार किंवा बेडूक वर चढू शकतो.

५. मांजर. पाळीव मांजर निदान पहाटे, संध्याकाळी आणि पिल्ले घरट्याबाहेर पडण्याच्या दिवसांत घरात ठेवावे. हे ऐकायला अनेकांना आवडत नाही, परंतु याला पर्याय नाही.

६. दिवे. रात्रभर जळणारा पांढरा दिवा बंद करावा. गरज असल्यास हालचालीने लागणारा, वरून झाकलेला आणि उजेड खालीच पाडणारा पिवळसर दिवा लावावा.

## टप्पा ९ : पाणी, झाडोरा आणि मग खाणे

पाण्याचे भांडे पसरट आणि खडबडीत असावे. कडेला पाणी जेमतेम असावे आणि मध्यभागी ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल नसावे. गुळगुळीत खोल भांड्यात पक्षी उतरत नाही आणि उतरला तर त्याचा पाय टिकत नाही. मधे एक चपटा दगड ठेवला की मधमाश्या आणि फुलपाखरेही पाणी पिऊ शकतात. भांडे झुडपाच्या कुशीत ठेवू नये, तेथे मांजर दबा धरते. झुडपापासून दोन-तीन मीटरवर ठेवल्यास पक्ष्याला मांजर वेळीच दिसते आणि पळून जायला झुडूपही जवळ राहते. पाणी दर दोन दिवसांनी ओतून भांडे ब्रशने घासावे. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे एवढ्याने डासांचाही प्रश्न उरत नाही.

झाडोऱ्यासाठी परिसरातली मूळची झाडे-झुडपे निवडावीत, कारण तेथील अळ्या त्यांच्यावरच वाढतात आणि दाणे खाणारे अनेक पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवतात. एका कोपऱ्यातला पालापाचोळा न झाडता तसाच ठेवावा आणि त्यावर दोन-तीन कुजकी ओंडकी टाकावीत. हा कोपरा घराच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावा, कारण जेथे बेडूक आणि पाली येतील तेथे कधीतरी सापही येईल.

खाणे शेवटी, आणि माझ्या मते बहुतेक परसांत त्याची गरजच पडत नाही. ठेवायचे झालेच तर एका दिवसात संपेल एवढेच ठेवावे, पाव आणि खारवलेले पदार्थ टाळावेत, दाणीची (दाणे ठेवण्याच्या भांड्याची) जागा नियमित घासून धुवावी आणि आजारी, फुगून बसलेला पक्षी दिसल्यास खाणे काही आठवडे पूर्ण बंद करावे, कारण दाणीभोवतीच्या गर्दीत संसर्ग झपाट्याने पसरतो. माकडे आणि इतर सस्तन प्राण्यांना कधीही खाऊ घालू नये. माणसाच्या हाताकडे पाहायला शिकलेले जनावर पुढे हात ओरबाडते.

तपासा : सकाळी भांड्याभोवती उंदरांच्या लेंड्या दिसतात का? दिसल्यास खाणे बंद करावे, पाणी चालू ठेवावे.

## टप्पा १० : परसातली प्रत्यक्ष भेट

जमिनीवर पिल्लू सापडणे. आधी पिसे पाहावीत. अंगभर पिसे असतील आणि पिल्लू टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकत आहे आणि पालक जवळपासच आहेत. फार तर त्याला उचलून जवळच्या झुडपात ठेवावे, कुत्रे-मांजर आत घ्यावे आणि लांबून एक-दोन तास लक्ष ठेवावे. उघडे किंवा नुकती पिसे फुटू लागलेले पिल्लू मात्र घरट्यातून पडलेले असते. घरटे हाताशी असेल तर ते परत आत ठेवावे. माणसाच्या हाताचा वास लागला की पालक पिल्लाला टाकतात, ही समजूत चुकीची आहे. चोचीत पाणी सोडू नये, ते श्वासनलिकेत जाते.

काचेवर आपटलेला पक्षी. त्याला हवेसाठी छिद्रे असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत कापड घालून, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. खाणे-पाणी देऊ नये आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नये. तासाभराने खोके बाहेर नेऊन उघडावे. उडाला नाही, पंख लोंबत असेल किंवा त्याला मांजराचा दात लागला असेल तर पशुवैद्यक किंवा वन्यजीव बचाव पथकाकडे न्यावे. मांजराच्या लाळेतील जिवाणूंमुळे लहानशी जखमही घातक ठरते.

परसात साप. माणसे आणि कुत्री घरात न्यावीत, एका व्यक्तीने सुरक्षित अंतरावरून नजर ठेवावी आणि सापाला निघून जायला एक बाजू मोकळी सोडावी. बहुतेक वेळा तो आपणहून जातो. तो घरात शिरला किंवा अडगळीत जाऊन बसला तर त्या खोलीचे दार लावून खालची फट कापडाने बंद करावी आणि प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. हा क्रमांक, वन्यजीव बचाव पथकाचा क्रमांक आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आधीच मिळवून दाराजवळ कागदावर लिहून लावावा, कारण त्या वेळी मोबाइल नेमका कोणाच्या हातात असेल हे सांगता येत नाही.

नोंद. नदी आणि परस यांसाठी एकच वही वापरावी. नदी हा प्राण्यांचा शहरात शिरण्याचा रस्ता असल्याने काठावर पाणी चढले की परसात काय येते आणि काठ सुकला की काय दिसेनासे होते, हे दोन वेगळ्या वह्यांत कधीच जुळत नाही. तारीख, वेळ, हवा, पाण्याची पातळी आणि वागणे एवढे लिहावे. काहीच दिसले नाही तर तेही लिहावे. छायाचित्र कोणाला पाठवण्यापूर्वी त्यातील ठिकाणाची माहिती काढून टाकावी आणि घरट्याची जागा पिल्ले उडून जाईपर्यंत कोणालाही सांगू नये, ओळखीच्या छायाचित्रकारांनाही नाही.